आतून कडी

बकुळा रोकडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला झाडू उगारून जिन्यावरून खाली हाकलत होती.

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधली शाळा. शाळा म्हणजे काय, तर रस्त्याच्या बाजूला खाली दुकानं, दुकानांच्या मागे जीन्स शिवायचा कारखाना, आणि वरच्या दोन मजल्यांवर वर्ग. पुढचा जिना बाजारात उतरतो, मागचा थेट कारखान्याच्या दारात. त्या मागच्या जिन्यावर ही ठेंगणी, गोल बाई उभी होती, आणि तिच्या चार पायऱ्या खाली कारखान्यातला इस्त्रीवाला मुकेश, रिकामी बाटली छातीशी धरून.

"मौसी, पानीच घ्यायला आलोय. कूलर का पानी ठंडा रहता है."

"ठंडा पाहिजे तर बर्फ चोख. परत वर पाय ठेवलास तर तंगडी हातात देईन. इथे मुली असतात, कळत नाही?"

"अरे, मेरी भी बेटी है गाँव में."

"मग तिच्याकडे जा पाणी मागायला!"

तो हसत उतरला. ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कोण? कोणाला भेटायचंय?" मी समितीची मीटिंग आहे म्हटलं तर तिने माझ्या पिशवीत डोकावून बघितलं आणि मगच वाट दिली.

बदलापूरच्या त्या बातमीनंतरचे ते दिवस. शाळेतल्या चिमुरड्या मुलींची ती बातमी. अख्खं बदलापूर रस्त्यावर आणि रुळांवर उतरलं होतं. मग आजूबाजूच्या सगळ्या शाळा खडबडून जाग्या झाल्या. कॅमेरे लागले, मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या कागदावरून उठून खुर्च्यांवर बसल्या. मी अंबरनाथच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून घरी बसलेली. समितीत बाहेरची एक शिकलेली बाई लागते, म्हणून मला धरून नेलं.

मीटिंगला आया तावातावाने आल्या होत्या. मागच्या जिन्याला लोखंडी जाळी लावा, कुलूप घाला, ही त्यांची मागणी. मी म्हटलं, कुलूप घालाल तर आग लागल्यावर पोरं कुठून उतरणार? त्या जिन्याच्या खालच्या वळणावर कारखान्याच्या चिंध्यांची गाठोडी छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांच्या डोक्यावर मीटरचा उघडा बोर्ड. आग विझवायचा लाल सिलिंडर मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत कपाटावर, का, तर मुलं हात लावतात. वाळूच्या बादल्यांत वाळू कमी, पेन्सिलींची सालं जास्त.

संस्थाचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, आयांना आत्ता आगीची भीती नाहीये. माणसांची आहे."

खोटं नव्हतं ते. एकाही आईने माझ्या बाजूने मान हलवली नाही.

जाळीही लागली नाही आणि गाठोडीही हलली नाहीत. जाळीच्या जागी बकुळा बसली, प्लॅस्टिकच्या लाल स्टुलावर. झाडणं, पुसणं, डबे, सगळं करून उरलेला वेळ ती तिथेच.

बकुळा अंबरनाथच्या मोरिवलीची. आधी तिकडेच एका कारखान्यात पॅकिंगला होती, तो बंद पडला तेव्हा शाळेत लागली. नवरा बबन टेम्पो चालवायचा, त्यातून शाळेची पोरंही न्यायचा. दोन मुलगे, दोघांची लग्नं झालेली. मुलगी नाही. ही हौस तिने शाळेत भागवली असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तिचा स्वभावच पहाऱ्याचा. मोरिवलीच्या गल्लीतसुद्धा नवा फेरीवाला आला की त्याची चौकशी हीच करायची. बबन म्हणायचा, "पोलिसात गेली असतीस तर चोरांनी तालुका सोडला असता." ती म्हणायची, "चोरांचं राहू दे, तू आधी दारात चप्पल नीट काढायला शिक."

शाळेतल्या बापांनाही ती सोडत नसे. एक आजोबा नातीला न्यायला आले होते, तर त्यांना रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसवून ठेवलं, मुलीच्या आईचा फोन येईपर्यंत. आजोबा चिडून म्हणाले, "अहो, मी तिच्या बापाचा बाप!" बकुळा म्हणाली, "असाल. तोंडावर लिहिलंय का?" आया तिच्यावर जीव टाकायच्या. संक्रांतीला शिक्षिकांच्या आधी तिच्या हातावर तिळगूळ पडायचा.

आणि तिने स्वतःची एक शाळा काढली. मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या मुलींना पाण्याच्या कूलरपाशी गोळा करायची. मी एकदा उभी राहून बघितलं.

"कोण बाप्या वर आला, ओळखीचा असो नाहीतर बिनओळखीचा, तर काय करायचं?"

"संडासात पळायचं!"

"मग?"

"आतून कडी!"

"उघडायची कधी?"

"मावशी आल्यावर!"

"त्याने चॉकलेट दिलं तर? तुझी आई बोलावते म्हणाला तर? दार बडवलं तर?"

"नाही! नाही! नाही!"

नुसतं पाठ करून घेतलं असतं तर विसरल्या असत्या. बकुळा रोज सराव घ्यायची. साडीचा पदर दाढीसारखा हनुवटीला गुंडाळायची, आवाज घोगरा करायची, "ए बच्ची, मैं मुकेश, मेरे साथ चल," आणि मुली किंचाळत, हसत संडासाकडे पळायच्या. पाच संडास ओळीने, प्रत्येकाला आतून कडी, आणि बाहेरच्या सामाईक दारालाही आतून कडी. मग ही दार बडवायची. कधी पीटीच्या सरांना बडवायला सांगायची. कोणी फसून उघडलं की तिला सगळ्या हसायच्या.

कधीच न फसणारी एक होती, करिष्मा. दुसरीतली, वर्गात सगळ्यांत बुटकी. तिची आई स्वप्नाली त्याच कारखान्यातल्या पॅन्टींचे धागे कापायचं काम घरी आणायची. करिष्मा सामाईक दारावर थांबायचीच नाही. थेट आतल्या संडासात शिरून दुसरी कडी घालायची. बकुळाने स्वतःच्या आवाजात हाक मारली तरी आतून विचारायची, "मावशी, खरीच तू का?"

"ही बघा माझी पक्की पोरगी," बकुळा मला म्हणाली. इतकी खूश मी तिला पुन्हा पाहिली नाही.

आगीची तालीम त्या शाळेत कधी झाली नाही. कडीची रोज व्हायची.

आग लागली ती दुपारची, गॅदरिंगचे नाच बसवणं चालू होतं तेव्हा. मी तिथे नव्हते. सांगते ते बकुळाचं आणि शिक्षिकांचं ऐकून. मीटरच्या बोर्डात तडतडलं आणि ठिणग्या गाठोड्यांवर पडल्या. जीन्सच्या चिंध्या भडकत नाहीत, धुमसतात. काळा, चिकट धूर मागच्या जिन्याने वर चढला. गाण्याचा आवाज मोठा होता म्हणून कारखान्यातली ओरड वर ऐकू यायला वेळ लागला.

बकुळाने जे केलं ते कोणीही चांगलं म्हणेल. बालवर्गाची पोरं सगळ्यांत लहान, म्हणून ती आधी त्यांच्याकडे धावली. आपल्या साडीचा पदर सोडून त्यांच्या हातात दिला आणि आगगाडी करून पुढच्या जिन्याने रस्त्यावर उतरवली. शिक्षिकांनी बाकीचे वर्ग उतरवले. रस्त्यावर गोंधळ, आया धावत आलेल्या, रिक्षा अडकलेल्या. तेवढ्यात दुसरीच्या बाई ओरडल्या, "तिघी संडासला गेल्या होत्या!"

संडास मागच्या बाजूला. त्या तिघी धूर बघून बाहेर पडल्याही होत्या. तर समोर मागच्या जिन्यावरून तोंडाला ओलं फडकं बांधलेला, दाढीवाला मुकेश वर येत होता. वर पोरी आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि जिना अजून चढण्याजोगा होता, म्हणून तो आला. ओरडत आला, "चलो, चलो, मेरे साथ चलो!"

पोरी पळाल्या. आत शिरल्या. कडी.

त्याने दार बडवलं. "आग लगी है, खोलो!" म्हणून ओरडला. आतून त्या ओरडत होत्या, "मावशी आल्यावर! मावशी आल्यावर!" हे मला त्यातल्याच एकीने सांगितलं, पुढे बऱ्याच दिवसांनी, पाढा म्हणावा तसं.

शेवटी त्याने खांद्याने बिजागरी उखडली. दोघी दाराशीच होत्या, त्यांना दोन बगलांत धरलं. त्या चावल्या, ओरबाडल्या. तिसरी दिसलीच नाही त्याला. धुरात हाताने चाचपत एक-दोन दारं ढकलली, उघडी, रिकामी. जीव गुदमरला तसा दोघींना घेऊन उतरला. त्यांना गल्लीत टाकून परत वळला तेव्हा जिन्याचं वळण पेटलं होतं.

बकुळा पुढच्या जिन्याने वर जायला बघत होती. लोकांनी ओढून धरली. मग ती इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत आली आणि संडासाच्या झरोक्याखाली उभी राहून ओरडत राहिली, "करिष्मा, मी आले गं, मीच आहे, उघड!" धुराने तिचा घसा बसला होता, खाली पाण्याचे टँकर, घंटा, माणसं. आत काही पोचलं की नाही, कोणाला माहीत. अग्निशमनवाल्यांनी आतली कडी तोडून पोरीला काढलं ते चादरीत गुंडाळूनच.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. आगी लागतात, चौकशा होतात, मंडळी टीव्हीवर हळहळतात.

मागच्या गल्लीतल्या दुकानातून कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. एक दाढीवाला माणूस दोन पोरींना बगलेत आवळून नेतोय आणि पोरी किंचाळतायत, "सोड, सोड मला!" आग त्या चित्रणात दिसत नव्हती, नुसता धुरकट उजेड. दिवे लागायच्या आत ते सगळ्या कॅम्पात फिरलं, अंबरनाथला माझ्या शेजारणीपर्यंत आलं. खाली लिहिलेलं, शाळेच्या संडासात घुसलेला नराधम. मुकेशला लोकांनी त्याच्या खोलीतून ओढून काढला. पोलिसांनी सोडवला तेव्हा त्याच्या एका कानातून रक्त येत होतं.

पोलिसांनी त्या दोन मुलींना, आया शेजारी बसवून, हळूच विचारलं. मुलींनी खरं तेच सांगितलं. मुकेश आला म्हणून आम्ही लपलो. त्याने दार तोडलं. आम्हाला उचललं. करिष्मा त्याला घाबरून आतमध्ये गेली. एक शब्द खोटा नाही, आणि तेवढ्यावर तो माणूस जन्मभर आत गेला असता. तो घसा फोडून सांगत होता, "साहब, मैं तो बचाने गया था." त्याला विचारत होते, "मग पोरी पळाल्या का?" त्या असं का वागल्या, हे त्यालाही कळलेलं नव्हतं.

त्या शहरात उत्तर असलेलं माणूस एकच.

आगीनंतर तिसऱ्या सकाळी बकुळा माझ्या दारात उभी. बसली नाही.

"मॅडम, पोलीस ठाण्यात चला माझ्यासंगती. एकटी गेले तर बाहेरच्या बाकड्यावर बसवतील."

काय झालं ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. आदल्या दिवशी संस्थाचालक तिच्या घरी, मोरिवलीला गेले होते. पहिल्यांदाच. म्हणाले, शाळा आता पालेगावकडे नव्या इमारतीत जाईल, तुमची जागा तिथे पक्की. पोरींना काय शिकवलंत ते आता कोणाला सांगायची गरज नाही. तुमचंच नाव खराब होईल, आया फाडून खातील तुम्हाला. मी विचारलं, "मीटरचं, गाठोड्यांचं काही बोलले?" ती म्हणाली, "ते कशाला बोलतील? मुकेश आहे ना आत. तो आत हाय तोवर कोण चिंध्या मोजतंय."

"बबन काय म्हणतो?"

"म्हणतो, गप बस. मेलेली परत येणार नाय. मी म्हटलं, जिता हाय तो आत हाय त्याचं काय?" मग म्हणाली, "मला तो माणूस आवडत नाय, मॅडम. आजपण नाय. पानी मागायच्या निमित्ताने वर चढायचा. पण चढला म्हणून दोघी वाचल्या."

मी साडी बदलली. तिला समजावण्यासारखं काही नव्हतं आणि मला समजावणं येतही नाही. शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, पलीकडे दोन कॉलेजची मुलं तेच चित्रण मोबाईलवर बघत होती. एक म्हणाला, "भाई, इसको तो लटका देना चाहिए." बकुळाने त्याच्याकडे बघितलं आणि मान रस्त्याकडे फिरवली.

पोलीस ठाण्याबाहेर बायकांचा घोळका होता. बकुळाला बघून त्यांनी वाट दिली, एक-दोघींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मावशी, तुम्ही होतात म्हणून आमची वाचली," असंही कोणी म्हणालं. आत स्वप्नाली बसली होती, भावाबरोबर. कागदांवर सह्या घ्यायला बोलावलं होतं. तिचे डोळे कोरडे होते, आणि बोटांना अजून जीन्सची निळाई.

फौजदार बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "बोला मावशी, तुमचाही जबाब हवाच आहे. हा माणूस आधीपासून पोरींच्या मागे होता ना?"

"नाय," बकुळा म्हणाली. "मी त्याला तसं बोलायची."

मग तिने सगळं सांगितलं. पदराची दाढी, मुकेशचं नाव, पळायचं, कडी घालायची, मावशीशिवाय उघडायची नाही. फौजदार बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"म्हणजे पोरी त्याला घाबरल्या नव्हत्या? तुम्ही शिकवलं तसं वागल्या?"

"घाबरल्यापण. मीच घाबरवलेल्या."

"आग लागली तर काय करायचं, ते शिकवलं होतं?"

"नाय. ते कोणीच नाय शिकवलं."

स्वप्नालीचा भाऊ उठून उभा राहिला. ती नाही उठली. तिने बकुळाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घरी माझं एक ऐकायची नाही हो ती. जेव म्हटलं तर खेळायला पळायची. तुमचं ऐकायची."

बकुळा तिच्या पायाशी खाली बसायला गेली. स्वप्नालीने पाय मागे घेतले.

बाहेर बातमी आमच्या आधी पोचली होती. पाठीवरून हात फिरवणाऱ्या त्याच बायका. एकीने थुंकलं. एकीने "हडळ" म्हटलं. मी मध्ये पडले तर मलाही ऐकावं लागलं, मी ऐकवलंही. गाठोडी कोणी रचली, बोर्ड कोणी उघडा ठेवला, ते जाऊन विचारा की, म्हटलं. कोणाला विचारायचं नव्हतं. संस्थाचालक लांब, बकुळा हाताशी.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडकंच आहे. त्या दोन मुलींना पुन्हा विचारलं, त्यांनी कूलरपाशी शिकलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि मुकेश सुटला. ते चित्रण मात्र अजून फिरतं. कारखानदाराला जामीन मिळाला. संस्थाचालकांची चौकशी चालू आहे म्हणतात. चालू आहे म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. पालेगावच्या नव्या शाळेत संडासांच्या आतल्या कड्या काढून टाकल्यात. आता मोठ्या मुली एकमेकींना दाराशी उभं करून जातात, आणि आया पुन्हा तक्रारी घेऊन येतात. समितीत मी अजून आहे. गॅलरीत लाल सिलिंडर हाताला येईल असा लावून घेतला आणि आगीची तालीम सुरू केली, भांडून. बकुळाला तिथे घेतलं नाही. ती मोरिवलीत घरीच असते. बबनने टेम्पो विकला नाही पण शाळेची पोरं नेण्याचं काम त्याला आता कोणी देत नाही. गल्लीत नवा फेरीवाला आला तर ती दार लावून घेते.

मुकेशला सोडलं त्या दिवशी मात्र ती ठाण्यावर गेली होती, मी बरोबर. तो बाहेर आला, कानाला पट्टी, गावाला जायची पिशवी हातात. कॅम्पात राहणं त्याला आता शक्यच नव्हतं. मला वाटलं तो तिला शिव्या देईल; द्यायला हव्या होत्या. त्याने तिला ओळखलं, थांबला, आणि चांगल्या कानाची बाजू तिच्याकडे करून विचारलं,

"मौसी, वो बच्ची कौनसे में थी? मैंने दो दरवाजे धकेले थे. दोनों खाली थे."

बकुळाला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या टोकाला होती म्हणाली असती तर त्या माणसाला झोप तरी लागली असती. मी तिच्या दंडाला धरलंही.

"त्याच्या बाजूच्यात," ती म्हणाली. "तिसऱ्यात."

तो तिथेच ठाण्याच्या पायरीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. ती त्याच्यापासून हातभर अंतर सोडून बसली. हवालदार येऊन म्हणाला, इथे बसू नका, येण्याजाण्याची वाट आहे. दोघेही उठले नाहीत.